एक जूनची माणसं

जळगाव,
२ मार्च १९९७

प्रिय साबेरा,

‘सर, मशीनला गाव माहीत नाही.’ साडेदहा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी तू हे म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज इतका खाली होता की मला वाटलं, तू स्वतःशीच बोलते आहेस. सर टेबलापलीकडे उभे होते. त्यांना मात्र ऐकू गेलं. हल्ली ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे. मुद्दाम तुझ्या क्लासच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. का ते पुढे येईलच. तुला यातलं बरंचसं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी मी सगळं क्रमाने लिहिणार आहे, कारण मलाच ते एकदा नीट लावून बघायचं आहे.

आधी इकडची बातमी. जीवराम सरांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या नावाने जुन्या संगणक केंद्राच्या जागेवर सभागृह उभं राहतंय. पाडव्याला उद्घाटन आहे. ‘खानदेशात संगणक आणणारा ऋषी’ असं एका वर्तमानपत्राने लिहिलं आणि तेव्हापासून सगळे तसंच म्हणू लागलेत. सर असते तर म्हणाले असते, ऋषी पायी चालतो, मी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून आणला. त्यांची स्मरणिका संपादित करायचं काम माझ्याकडे आलं आहे. मराठीची बाई, वर दोन पुस्तकं नावावर, त्यामुळे समितीत माझ्याशिवाय दुसरं कोणी कोणाला सुचलंच नाही.

समितीच्या बैठकी तू बघायला हव्या होत्यास. विषय एकच, सरांनी मागे काय ठेवलं? धनसिंग आठवतो ना, सरांचा लाडका विद्यार्थी, खिशात नेहमी दोन फ्लॉप्या घेऊन फिरायचा? आता पुण्यात त्याची स्वतःची कंपनी आहे. त्याचं म्हणणं, सरांचं खरं काम म्हणजे याद्या लावायचा तो प्रोग्रॅम. इथल्या नावांचा, इथल्या कारभाराचा विचार करून लिहिलेला पहिला. बाकी सगळं कौतुक ठीक आहे. यावर गिरधरनाना, म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पान चघळत म्हणाले, “त्याच प्रोग्रॅमने साठ पोरी घरी बसवल्या असत्या, धनसिंग.” धनसिंग म्हणाला, बसवल्या तर नाहीत ना, नाना. नाना म्हणाले, “नाहीत. पण त्या कोणामुळे, ते लिही की तुझ्या लेखात.” सगळे हसले, चहा आला, विषय बदलला. मी खाली बघून इतिवृत्त लिहीत होते. नानांना काही माहीत नाही, साबेरा. त्यांनी नुसताच खडा टाकला होता. पण तो ज्याला लागायचा त्यालाच लागला.

ते दिवस मला फार आवडायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. शाळेनंतर मी केंद्रात यायची. बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे आणि देवघरात जावं तसं त्या गार खोलीत शिरायचं. यंत्राला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं, ते आपल्या शिपाई आधारभाऊंनी शेवटपर्यंत पुसू दिलं नाही. तू चोवीसची, मी चौतिशीची. मी अर्ज वाचायची, तू टाइप करायचीस. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलींचे अर्ज, शिक्षिका व्हायचं म्हणून प्रशिक्षणाला नाव घातलेल्या. जागा एकशे साठ, अर्ज साडेतीन हजारांच्या वर. अर्ज घ्यायची केंद्रं दोन होती, आणि काही मुली दोन्हीकडे अर्ज टाकायच्या, एकीकडे घरचा पत्ता, दुसरीकडे मामाचा. म्हणून सरांनी प्रोग्रॅमला शिकवलं होतं, पत्ता बघू नकोस. नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की अर्ज दुबार. दुसरा बाजूला काढ. उरलेल्यांचेच गुण भरायचे. किती सोपं आणि किती चोख वाटलं होतं तेव्हा.

पार्वता भिका पाटील, एक सहा अडुसष्ट. तुला माझा तो वाचायचा सूर आठवतो? तू त्याची नक्कल करून आधारभाऊंना हसवायचीस. एक सहा अडुसष्ट, एक सहा सदुसष्ट, एक सहा अडुसष्ट. मी ते शेकडो वेळा म्हटलं असेल. माझ्या तोंडाने म्हटलं आणि माझ्या कानाला ते ऐकू आलं नाही. माझे वडील तलाठी. माझ्या जन्माची तारीख, वार, घटका सगळं लाल वहीत लिहिलेलं. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी अशी एक वही असते.

त्या शनिवारी दुपारी यादी छापून झाली. तू कागदाच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या फाडत होतीस. सर खुशीत होते, यंत्राने सत्तर दुबार अर्ज पकडले होते. सोमवारी सकाळी यादी फळ्यावर लागणार होती. तू मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन आली होतीस आणि आल्यावर, आपलं काम नसताना, त्या सत्तर नावांची यादी काढून बसलीस. मग उठून सरांच्या टेबलाशी गेलीस आणि म्हणालीस, “सर, मशीनला गाव माहीत नाही.” आणि सरांनी मान वर केल्यावर, “आमच्याकडे सगळ्यांचा जन्म एक जूनलाच होतो. माझाही. माझ्या बहिणीचा, खातूनचाही.”

सर आधी हसले. मग हसायचे थांबले. शाळेत नाव घालताना आईला तारीख सांगता आली नाही, तर गुरुजी एक जून टाकतात. शाळा उघडताना पोराला सहा पूर्ण, एवढंच त्यांना हवं असतं. हे खानदेशातल्या कुठल्याही शेतमजुराला माहीत होतं आणि त्या खोलीतल्या दोन शिकलेल्या माणसांना सुचलं नव्हतं. सत्तरातल्या एकसष्टांची तारीख एक जून होती.

पुढचं मला नीट माहीत नव्हतं, ते आता कळलं. मागच्या बैठकीला एक शिक्षिका आपणहून आली होती. शिंदखेड्याकडची. नाव सांगितलं, पार्वता भिका पाटील, आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी, रविवारी, सर स्वतः एस.टी.ने तिच्या गावी गेले होते. घरात येऊन ओट्यावर बसले आणि तिच्याकडे बघत राहिले, जणू ती आहे याची खात्री करून घेत होते. बोदवडकडची पार्वता भिका पाटील निराळी आणि ही निराळी. तिच्या वडिलांना सरांनी विचारलं, पोरीचा जन्म खरंच एक जूनचा का? म्हातारा म्हणाला, “मास्तरले इचारा, भाऊ. बठ्ठा गावना जल्म त्यासनीच लिखेल शे.” साऱ्या गावाचे जन्म मास्तरांनीच लिहिलेत, हे सांगताना ती बाई हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ-नऊ वर्षं ती शिकवते आहे. तिच्या वर्गात आता तारीख नसलेलं पोर आलं, तर ती आईला बसवून घेते आणि विचारते, तेव्हा शेतात काय होतं, कापूस वेचत होतीस की निंदणी चालू होती? आणि त्यावरून महिना तरी खरा घालते. धनसिंगने ते लगेच टिपून घेतलं. मला वाटलं, सरांनी मागे काय ठेवलं, याचं उत्तर हेच असेल. पण मग घरी येताना वाटलं, हे सरांचं की तुझं?

आता माझा भाग. त्याच वर्षीच्या दिवाळी अंकात मी लेख लिहिला, ‘यंत्राला गाव शिकवणारा माणूस’. माझा पहिला गाजलेला लेख. त्यात मी लिहिलं, त्या यादीकडे बघत सर म्हणाले, ‘यंत्राला गाव माहीत नसतं, ते आपण सांगायचं असतं.’ पहिला अर्धा तुझा. दुसरा अर्धा मी जोडलेला, लयीसाठी. सरांचा त्यात एक शब्द नाही. आणि तेच वाक्य आता काळ्या दगडावर कोरून सभागृहाच्या दारात लागणार आहे, खाली सरांचं नाव.

का केलं असं मी? अनेकदा स्वतःला विचारलं आहे. लबाडी करायची म्हणून केलं नाही, एवढं खरं. मला तो प्रसंग असा दिसला, की थोर माणूस, त्याची चूक आणि त्यालाच झालेला साक्षात्कार. तुझ्या तोंडी तेच वाक्य एका ऑपरेटर मुलीची बारीकशी तक्रार वाटली असती, असं मला वाटलं. म्हणजे मीही त्या प्रोग्रॅमसारखीच वागले. दोन माणसं एका नावाखाली घातली आणि दुसऱ्याला बाजूला काढलं. तुला अंक दाखवला, तेव्हा तू म्हणालीस, “बरं झालं बाई, माझं नाव नाही आलं.” मी ते तुझ्या लाजाळूपणात जमा केलं आणि सुटले.

सरांनी मला एकदा विचारलं होतं, कौसल्याबाई, ते वाक्य दुरुस्त करता येईल का? मी म्हटलं, सर, एवढ्यासाठी अंकवाले दुरुस्ती छापत नाहीत, आणि साबेराही नको म्हणते. पुढे कुठल्याही सत्कारात कोणी ते वाक्य म्हटलं, की सर चष्मा काढून पुसायला लागायचे. लोक म्हणायचे, किती विनय. मीही म्हणायची. पण त्यांनी ते कधी नाकारलंही नाही. दहा वर्षं. याचं काय करायचं, तेही मला कळत नाही.

डिसेंबरात सरांच्या घरून स्मरणिकेसाठी एक ट्रंक आली. सगळ्यात वर ती वही, तुझ्या अब्बांनी बांधून दिलेली, जाड निळ्या पुठ्ठ्याची. हारुनचाचांच्या हातचा कापडी कणा अजून एका जागी उसवलेला नाही. तुला आठवेल, केंद्रात तिला आपण चुकांची वही म्हणायचो. कोणाचीही चूक सापडली की सर त्यात तारखेसह लिहायचे, कोणाची आणि कोणी पकडली. मला वाटायचं, आपल्या चुका मोजायला आहे. उघडून बघितली तर निम्म्याहून जास्त नोंदींच्या पुढे ‘माझी’ असं लिहिलं आहे. १२ जुलै १९८६ची नोंद तशीच इथे उतरवते: ‘चूक माझी. एक जून. पकडली साबेराने. मला माझ्या जन्माची घटकासुद्धा ठाऊक आहे, म्हणून मला हे सुचलं नाही.’ समोरच्या पानावर माझ्या लेखाचं कात्रण चिकटवलेलं आहे. त्यात ‘सर म्हणाले’वर रेघ मारून वर लिहिलं आहे, ‘साबेरा म्हणाली’. जिथे कोणी बघणार नाही, तिथे त्यांनी दुरुस्ती करून ठेवली होती.

आणि त्याच पानात दोन घड्या घातलेल्या याद्या. पहिली, शनिवारची, जी फळ्यावर लागलीच नाही. दुसरी, बुधवारी लागली ती. मी उगाच, निव्वळ कुतूहलाने, दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत गेले. परत आलेल्या एकसष्टांतल्या अकरा जणी वरच्या एकशे साठांत आल्या होत्या. म्हणजे तळाच्या अकरा बाहेर गेल्या. त्या अकरा कोण, हा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. निदान मी नव्हता केला. पहिल्या यादीत एकशे चोपन्नावं नाव, खातून हारुन शेख. दुसऱ्या यादीत एकशे पासष्टावं. दोन्हीकडे पेन्सिलीची बारीक खूण. आणि समासात सरांचं अक्षर: ‘साबेराला आधी माहीत होतं का? विचारायचं धाडस होत नाही. एक जागा वाढवून मागितली. कारण विचारलं. सांगता आलं नाही.’

सरांना उत्तर मिळालं नाही, पण मला ते तिथल्या तिथे मिळालं. एक आठवण होती, इतकी वर्षं मी ती विनोद म्हणून सांगत आले आहे. त्या यादीनंतर आठवड्याभराने तुझ्या ड्रॉवरमधून मुंग्यांची रांग निघाली होती आणि आधारभाऊ तुझ्यावर चिडले होते. मशीनच्या खोलीत गोड ठेवतेस, मुंग्या आत शिरल्या म्हणजे काय करशील? ड्रॉवर उघडला तर जिलेबीचा पुडा, दोरा तसाच बांधलेला, वास मारणारा. तू तो उचललास आणि बाहेर नेऊन टाकलास. आम्ही तुला विसरभोळी म्हणून चिडवलं.

तू विसरली नव्हतीस, साबेरा. त्या शनिवारी यादी छापली गेली, तेव्हा तू एकशे चोपन्नावं नाव वाचलंस आणि मधल्या सुट्टीत जाऊन खातूनसाठी जिलेबी आणलीस. आणि परत येऊन ती सत्तर नावं बघितलीस. का बघितलीस, देव जाणे. मग पुडा ड्रॉवरमध्ये ठेवलास आणि सरांच्या टेबलाशी गेलीस. तुला आकडे कळत होते. एकसष्ट परत आल्या तर एकशे चोपन्नावी कुठे जाईल, हे त्या खोलीत सगळ्यात आधी तुला कळलं असणार. तू दोन दिवस गप्प राहिली असतीस तर कोणालाही, कधीही कळलं नसतं. मला तर नक्कीच नाही, मी नुसती वाचत होते.

मला फक्त एवढंच समजून घ्यायचं आहे, की तुझ्या खुर्चीपासून सरांच्या टेबलापर्यंतच्या त्या आठ-दहा पावलांत तुझ्या मनात काय होतं? आम्ही इथे सरांनी मागे काय ठेवलं यावर चार महिने भांडतो आहोत, आणि मला वाटतं, जे काही आहे ते त्या आठ-दहा पावलांत आहे. सरांचा त्यात वाटा आहे. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली आणि चूक आपल्या नावावर लिहिली. सगळेच मोठे लोक एवढं करत नाहीत. पण चाललीस तू.

जानेवारीत मी धुळ्याला तुझ्या घरी आले, ती सहज आले नव्हते. पिशवीत या दोन्ही याद्या होत्या. तू क्लासवरून यायची होतीस. रोजे चालू होते, तरी खातूनने मला बळेच चहा दिला आणि समोर बसून राहिली. तुझी दोन्ही मुलं तिच्याच अंगाखांद्यावर. शिवणयंत्रावर कोणाचं तरी झबलं अर्धवट होतं. मला म्हणाली, “आमच्या साबेराला पहिल्यापासून मशीन कळतं, बाई. माझं तेव्हा चार-पाच नंबरांनी राहिलं. नाहीतर मीही बाई झाले असते, तुमच्यासारखी.” आणि धाकट्याचं नाक पुसत हसली. तेवढ्यात तू आलीस. तू माझ्याकडे बघितलंस, माझ्या पिशवीकडे बघितलंस, आणि मला वाटलं, तुला सगळं कळलं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पाचची गाडी धरली. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा एकदा उतरून परत फिरावंसं वाटलं होतं. धीर झाला नाही.

तेव्हा कळलं, ‘बरं झालं बाई, माझं नाव नाही आलं’ यात लाजाळूपणा नव्हता. ते वाक्य तुझं आहे, हे जगाला कळलं तर खातूनला कळेल, यादी कोणी फिरवली. माझ्या लबाडीने तुला इतकी वर्षं आडोसा दिला, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकते. काही दिवस घातलीही. पण तो आडोसा तुझ्यासाठी मी बांधला नव्हता.

पाथरवट निंबाभाऊंनी वाक्य कोरून ठेवलं आहे. खालच्या नावाची ओळ मी अडवून धरली आहे. धनसिंगला सांगितलं, अक्षराचा आकार ठरायचा आहे, वीस तारखेपर्यंत थांब. सरांचं नाव मी तिथे घालू देणार नाही, एवढं ठरलं आहे. समितीला माझा लेख दाखवीन आणि खोटं मी लिहिलं म्हणून सांगीन. त्यात तुझं नाव तू म्हणेपर्यंत येणार नाही. ओळ कोरी राहिली तर राहील. लोक विचारतील, हे कोणाचं वाक्य? विचारू देत.

पण मला त्यापलीकडचं काही मागायचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. यात माझा स्वार्थ किती आणि तुझं भलं किती, हे मला वेगळं करता येत नाही. ज्या बहिणीने तुझी मुलं वाढवली, तिला दहा वर्षं वाटतं आहे की आपण कमी पडलो. तिच्या नंबराची गोष्ट तिला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि ती ऐकून ती काय करेल, हे मला सांगता येत नाही. तुलाही सांगता येत नसेल, म्हणूनच तू गप्प आहेस. तू नाही म्हणणार, हे मला पत्र सुरू करतानाच माहीत होतं. कदाचित उत्तरही लिहिणार नाहीस, आणि मला राग येणार नाही. तरी विचारते. वीस तारखेच्या आत एकदा जळगावला ये. दोन्ही याद्या माझ्या टेबलावर आहेत. आणि येताना खातूनला बरोबर आण.

तुझीच, अजून नुसतीच वाचणारी,
कौसल्याबाई